शत्रुपक्षाची बारनिशी

सरकारी बारनिशीत ३१ वर्षे आवक-जावक नोंदविलेल्या गृहस्थास निवृत्तीनंतर कोणत्या कामी लावावे, हा आमच्या डोंबिवलीच्या घरातील गहन प्रश्न अखेर नातवाने सोडविला. १९९० साली सुरू झालेल्या 'फायर एम्ब्लेम' या जपानी युद्धखेळाच्या मालिकेत राज्य बदलले, नकाशा बदलला, तरी शत्रू तेच ते भेटतात, अशी त्याची तक्रार होती; आणि तक्रार म्हटली की तिला क्रमांक देऊन योग्य सदराखाली दाखल केल्यावाचून मला अन्न गोड लागत नाही.

वही आखली. आरंभीच कुऱ्हाड परजीत येऊन आरंभीच मरणारा चाचा एका ओळीत निकालात निघाला. सिंहासनासाठी बापाचा जीव घेणाऱ्या राजपुत्रासही आपल्याकडील बखरी वाचलेल्या माणसाने फार जागा देण्याचे कारण नव्हते. गार्नेफ नामक मांत्रिकापाशी मात्र लेखणी थबकली, कारण एका विशिष्ट पोथीतील मंत्राखेरीज कोणतेही अस्त्र त्याच्या अंगास लागत नाही, आणि एका विशिष्ट परिपत्रकाखेरीज कशानेही न हालणारे दोन साहेब माझ्या नोकरीत मी जवळून पाहिले आहेत.

पण खरा घोळ घातला तो कॅम्यूने. हा ग्रस्ट राज्याचा सेनापती. आपल्या राजाने अधर्माशी हातमिळवणी केली आहे हे पुरते उमगूनही, खाल्ल्या मिठास जागून नायकाच्या वाटेत उभा राहणारा. (पुढे १९९४ च्या भागात तो मुखवटा चढवून निराळ्या नावाने हजर होतो, तेव्हा मला निवृत्तीनंतर कंत्राटावर पुन्हा रुजू झालेल्या एका हेडक्लार्कचे स्मरण झाले.) नातू म्हणाला, "आजोबा, हा टाइप दर भागात असतो, आणि बहुतेक वेळा मरतो." मला वाटले, वही कोणत्या पक्षाच्या दप्तरी आहे यावर सारे अवलंबून; १६६५ साली पुरंदरावर दिलेरखानाचा कौल नाकारून पडलेला आमचा मुरारबाजी मोगली बारनिशीत याच सदराखाली गेला असता.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ठाण्यास जाणे प्राप्त होते. सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात कल्याणहून आलेला ग्रुप तटबंदी करून उभा होता, आणि तिच्या अग्रभागी असलेल्या धिप्पाड इसमाने मला पाहून खांदा तसूभरही मागे घेतला नाही. मात्र "काका, पिशवी द्या इकडे," म्हणत ती माझ्या हातून घेऊन आत रॅकवर पोहोचती केली, आणि मी दांडीला लोंबकळत असता दिवा-मुंब्र्यापर्यंत माझ्या पाठीशी आपला पंजा धरून ठेवला. ठाण्यास मी फलाटावर फेकला गेलो. पिशवी मागाहून खिडकीतून आली.

संध्याकाळी हा मजकूर कॅम्यूच्या रकान्यात चढवीत असता नातवाने विचारले, "मग तो मेला का?"

"नाही," मी म्हणालो, "ठाण्याला त्याला चौथी सीट मिळाली."