ॲव्हरेज किती देते?

मराठी माणूस मोटारीच्या शोरूममध्ये शिरला की सेल्समनने बॉनेट उघडायच्या आत स्वतःचं तोंड उघडतो : "ॲव्हरेज किती देते?" अश्वशक्ती, टॉर्क, सनरूफ वगैरे नंतर. आता हाच प्रश्न सरकार मोटार कंपन्यांना विचारतं आहे. आपण एका गाडीचं ॲव्हरेज विचारतो, सरकार कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचं मिळून विचारतं. या नियमाचं लाडकं नाव 'कॅफे'. नावावरून वाटतं कॉफी मिळेल. मिळतो तो दंड.

हिशोब असा. 2017-18 पासून सरासरी मर्यादा होती किलोमीटरला 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. 2022-23 पासून ती 113 वर आली. शोरूमच्या भाषेत सांगायचं तर पेट्रोलला लिटरमागे साधारण 21 किलोमीटर. चुकलात तर 2022 च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 25 हजार रुपये, फारच चुकलात तर 50 हजार.

झालं! दमदार इंजिनांच्या भक्तांनी सुतक धरलं. व्ही-एट गेलं, व्ही-सिक्स गेलं, आता म्हणे चार सिलिंडरही जड झाले.

हे सुतक कितपत खरं ते बघायला परवा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. बेंगळुरूच्या तुमकूर रोडवर मेट्रोतून उतरलं की जिकडे पाहावं तिकडे शेड, आणि शेडगणिक लेथ. वरच्या उड्डाणपुलाचीही एक गंमत आहे. डिसेंबर 2021 मध्ये केबलचा दोष सापडला आणि तो अडीच वर्षं जड वाहनांना बंद राहिला. इंजिन कितीही दमदार असो, पूल दमला की खालूनच जावं लागतं.

तीन यंत्रांच्या एका शेडमध्ये एक बेळगावकर काका भेटले. कूलंटचा आंबूस वास, पायाखाली लोखंडाचा कीस, आणि निळ्या क्रेटमध्ये बोटाएवढ्या नळ्यांची रास. व्हॉल्व्ह गाइड. इंजिनाचा व्हॉल्व्ह यातून वरखाली होतो. काकांनी एक नळी उचलली, गेजचं एक टोक आत सरकवलं. गेलं. उलटं करून दुसरं टोक लावलं. नाही गेलं. नळी पास. पहिलं टोक जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. मधला फरक मायक्रॉनांचा.

"काय ओ, मोठी इंजिनं बंद करतंय म्हणे सरकार?" काकांनी विचारलं.

काका, सरकार मोठ्यांना कशाला बंद करेल? सरासरीचा नियम म्हणजे पंगत. एकाने चौदा जिलब्या हाणल्या तरी चालतं, शेजारी मधुमेही बसलेले असले म्हणजे झालं. शिवाय प्रत्येक कंपनीची मर्यादा तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते. गाड्या जड, तर मर्यादा सैल. एसटीत बोजा जास्त असला की भाडं जास्त पडतं, इथे बोजा जास्त असला की सूट मिळते!

आणि विजेची एक गाडी विकली की कॅफेच्या वहीत ती तीन गाड्या म्हणून मांडली जाते, स्ट्राँग हायब्रिड दोन म्हणून. ही विजेची गाडी गरीब गाय असते असं नाही. महिंद्राच्या मोठ्या बॅटरीच्या एक्सईव्ही 9ई मध्ये 280 च्या वर घोडे जुंपलेत. 1983 च्या मारुती 800 मध्ये चाळीसही नव्हते. म्हणजे घोडे मेलेले नाहीत, तबेला बदललाय. पूर्वी पेट्रोल प्यायचे, आता बॅटरी चरतात. धुराडंच नाही, तर ग्रॅम मोजणार कशाचे?

मग घोडं पेंड खातं कुठे? छोट्या गाडीपाशी. मुळात हलकी, त्यामुळे मर्यादा आवळलेली. मोटर-बॅटरी बसवावी तर किंमत छोटी राहत नाही. सप्टेंबर 2025 च्या नव्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना थोडी सवलत सुचवली, तेव्हा मारुती खूश झाली आणि टाटा-महिंद्रांनी नाक मुरडलं. पर्यावरणाच्या नावाने सुरू झालेलं भांडण शेवटी वजनकाट्यावर आलं.

सगळी भिस्त एकाच इंधनावर ठेवायची नसते, हे आपल्या मंडळींनी फार आधी ओळखलं असावं. 1946 साली किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिन्स काढली आणि त्याच साली बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक. तेलावर एक पाय, विजेवर दुसरा. त्या इलेक्ट्रिकचं कार्यालय आज याच पीण्यात आहे. पुढे बिडदीला टोयोटा-किर्लोस्करच्या हायक्रॉसमध्ये इंजिन आणि मोटर एकाच बॉनेटखाली नांदायला लागली. दोन्ही डगरींवर हात ठेवणं याला म्हणतात.

आता थोडं दमदारपणाबद्दल. टॉमटॉमच्या 2024 च्या पाहणीत बेंगळुरूत 10 किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटं लागली. पुणेकरांनी हसू नये, त्यांना 33 लागली. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. एवढ्या वेगासाठी दोनशे घोडे कशाला लागतात, हे विकत घेणाऱ्यालाच ठाऊक. गाडीचं ॲव्हरेज मात्र रस्त्यावर ठरत नाही, प्रयोगशाळेत रोलरवर ठरतं. त्या चाचणीचं नाव एमआयडीसी. भोसरीची नव्हे, 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. तिथे खड्डा नाही, सिग्नलला आडवी घुसणारी रिक्षा नाही आणि वेग नव्वदच्या वर नाही. शोरूममध्ये सांगितलेला आकडा घरच्या पेट्रोलच्या बिलाशी का जुळत नाही, ते कळलं ना?

राहिले काका. त्यांचं गणित सरकारी वहीपेक्षा सोपं आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह : सोळा गाइड. कर आणि कॅफे दोन्ही सांभाळायला कंपनीने तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं : बारा गाइड. ताकद तेवढीच, उलट काकणभर जास्तच, म्हणून मायक्रॉनची शिस्तही कडक. काम कमी, कटकट जास्त. आणि विजेची गाडी? काकांनी गेज फडक्याने पुसून डबीत ठेवलं. "त्यात आमचं काय नाही."

सोळा, बारा, शून्य.

कॅफेच्या वहीत ग्रॅमचा रकाना आहे, किलोचा आहे, एकाच्या तीन गाड्या मांडायचाही आहे. या शून्याचा रकाना नाही. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, त्याबद्दल पीण्यातही दुमत नाही; तिथला धूर काकाच रोज गिळतात. पण कंपनीला आधीच वेळापत्रक मिळतं, सवलत मिळते, मसुद्यावर हरकत घ्यायला मुदत मिळते. तीन लेथवाल्याला मिळते ती पुढच्या महिन्याची ऑर्डर, नाहीतर तीही नाही.

तेव्हा दमदार इंजिनाचं सुतक सोडा. त्याला पोसणारे पुष्कळ आहेत. बाराचं शून्य होईल तेव्हा त्या तीन लेथवर काय कातायचं, हे सरकारने आजच सांगावं.