दिरांचा ताप आणि पेशीतला घरजावई

"काकू, गॅसवर काही नसेल तर जरा या की कुंपणाशी. भाऊजींच्या तापाचं अखेर कळलं."

"कुठले गं? भिगवणचे का इंदापूरचे?"

"इंदापूरचेच हो, एचएफ गाईंचा गोठा आहे ना, ते. संध्याकाळ झाली की हुडहुडी, पहाटे अंथरूण घामानं ओलंचिंब, कंबर तर उचलू देईना. एकानं टायफॉईड सांगितला, दुसऱ्यानं मलेरिया. जरा बरं वाटायचं की परत ताप हजर. शेवटी एका डॉक्टरनं एवढंच विचारलं, 'गोठ्यात कुठली गाय गाभडली होती का?' झालं, तिथंच सापडलं. ब्रुसेलोसिस!"

"अगं बाई! हे काय नवीन?"

"नवीन कसलं? लष्करातल्या डेव्हिड ब्रूस नावाच्या डॉक्टरनं 1887 साली माल्टा बेटावर मेलेल्या शिपायांच्या प्लीहेत हा जंतू दाखवला. शेळ्यांच्या दुधातून तो येतो हे कळायला 1905 उजाडलं. गाईम्हशींत ह्यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, आणि आमचे बहाद्दर कोपरापर्यंत हात घालून मोकळे. हातमोजा नाही, काही नाही. वारेतच तर हा जंतू ठासून भरलेला असतो. एरिथ्रिटॉल म्हणून एक साखर असते तिथं, तिच्यावर पोसतो मेला. साखर कारखान्यांच्या मुलखाला शोभतो खरा!"

"आमच्या ह्यांनी तर कितीदा हात घातलाय."

"म्हणून तर हाक मारली. आणि काकू, हळू बोलते हं. पुरुषांची ती जागासुद्धा सुजते ह्यात. भाऊजी इतके दिवस कुणाला सांगत नव्हते ते उगाच नाही."

"इश्श! पण काय गं, अंगात जंतू गेला की पांढऱ्या पेशी त्याला खातात म्हणतात ना?"

"खातातच की! घोळ तिथूनच सुरू होतो. नणंदेची मुलगी डॉक्टरकी शिकते, तिनं नीट सांगितलं. भक्षक पेशी जंतूला गिळते, आत एका पिशवीत कोंडते. मग आम्लाची नि पाचक रसांची पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू खलास. ह्या ब्रुसेलाचेही बरेचसे असेच पहिल्या काही तासांत मरतात. उरलेले मात्र ती पाचक रसांची गाठभेट टाळतात. पेशी जिथं स्वतःची प्रथिनं बनवते तिथं जाऊन बसतात आणि तिथंच वाढतात. अगदी घरजावई! जिनं गिळलं तिच्याच जिवावर."

"आणि ती बया गप्प बसते?"

"एकटी काय करणार? मग टी पेशी धावून येतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते मिळालं की हीच भक्षक पेशी चवताळते. आम्ल वाढवते, ऑक्सिजन-नायट्रोजनची जहाल रसायनं जंतूवर सोडते, त्याचं लोहसुद्धा तोडते. तरी नाही मेला, तर चारी बाजूंनी पेशी जमून त्याच्याभोवती गाठ बांधतात. टीबीतही हेच होतं बघा. टीबीचा जंतू अंगात शिरलेल्या 100 जणांपैकी 90-95 जणांना जन्मात टीबी होत नाही, तो ह्या बंदोबस्तामुळं. पण रक्तातली साखर हाताबाहेर गेली, किंवा संधिवाताची काही जालीम इंजेक्शनं चालू झाली, की बंदोबस्त ढिला पडतो आणि वर्षानुवर्षं दबलेला टीबी डोकं वर काढतो."

"मग भाऊजींना औषध काय?"

"डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, दोन्ही मिळून 6 आठवडे. जंतू पेशीच्या पोटात लपलेला, त्याला पुरतं संपवायचं म्हणजे दिवस लागणारच. ताप मात्र लवकर उतरतो. उतरला, तसे भाऊजी निघाले गोळ्या बंद करायला! अर्धवट सोडलं की हा परत उलटतो. जाऊबाईंनी डबाच ताब्यात घेतलाय, समोर बसवून गिळायला लावतात. बरं केलं. पुरुषमाणसांच्या हाती औषध म्हणजे कठीणच."

"आणि दूध गं? आमच्या नातवाला धारोष्ण लागतं."

"आजपासून बंद! उकळून द्या, उकळल्यावर हा जंतू टिकत नाही. गाय गाभडलीच तर हातमोज्याशिवाय वारेला शिवायचं नाही. वार आणि मेलेलं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, ओढ्याला फेकायचं नाही, कुत्री ओढत फिरतात. बरं, तुमची ती बांडी कालवड किती महिन्यांची?"

"सहावा संपत आला."

"मग उद्याच ह्यांना जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींनाच ह्या रोगाची लस टोचतात, एकदाच, आणि सरकारी मोहिमेत पैसे पडत नाहीत. गाभण गाईला चालत नाही, गोऱ्ह्याला देत नाहीत. कानातला बिल्ला दाखवायला सांगा, आणि उगाच पुढच्या महिन्यावर टाकू देऊ नका. आठवा उलटला की गेली संधी."