आधी शेपूट येतं

अमेरिकेत विमान घरी बांधता येतं आणि त्यासाठी वेडं असण्याची अट नाही. वेड नंतर लागतं. पैसे भरले की किट घरी येतं. कापून, भोकं पाडून ठेवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेटांच्या पुड्या आणि नकाशांची चळत. पुष्कळ जण पहिल्यांदा नुसतं शेपटीचं खोकं मागवतात. हात बसतोय का, हौस टिकतेय का, हे तिथेच कळतं. मग पंख, मग धड, मग इंजिन. आपल्याकडे हत्ती जातो आणि शेपूट राहतं. तिकडे शेपूट वर्षानुवर्षं गॅरेजात पडून असतं आणि हत्तीच यायचा राहतो.

रिव्हेट ठोकायला बरेचदा दोघं लागतात. एकाने बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा धरणारं माणूस शेजारून आणता येत नाही, ते घरातलंच असतं. असे हजारो रिव्हेट. त्यातून ज्यांचा संसार टिकला त्यांच्या विमानाची वेगळी चाचणी कशाला घ्यायची, असं माझं मत. तिथल्या सरकारला ते मान्य नाही. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा मौजेसाठी केलेलं असावं, असा त्यांचा नियम आहे. मौज! सरकारी नियमात! आपल्याकडे एवढ्यावरच फाईल विधी विभागाकडे अभिप्रायासाठी गेली असती. पुढे तपासणी होते, ठरवून दिलेल्या भागात चाचणीची उड्डाणं होतात आणि हे विमान नेहमीच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. पटलं तर बसा.

आता कांदिवलीला या. चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. किट नाही, आराखड्यापासून सगळं स्वतः. जिथे पापड वाळत घालायचे तर सेक्रेटरींचा चेहरा आधी वाचावा लागतो त्या मुंबईच्या गच्चीवर! माझ्या मते यादवांचा खरा पराक्रम इथेच पूर्ण झाला होता. पण गच्चीवर धावपट्टी नसते, तेव्हा विमान खाली आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात उभं राहिलं. मंत्र्यांनी पाहिलं, लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. विमानाकडून तेव्हा तरी याहून जास्त अपेक्षा नव्हती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. क्रमांक व्हीटी-एनएमडी. त्यातले एन आणि एम पंतप्रधान नरेंद्र मोदींचे, डी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचा. विमान हवेत जायला लिफ्ट लागते असं पाठ्यपुस्तकात शिकवतात. ती कुठून मिळते हे अनुभवी वैमानिकाला जास्त कळतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने यादवांशी ३५,००० कोटींचा सामंजस्य करार केला. पालघरमध्ये १५७ एकर जागा, तिथे विमानांचा कारखाना. कराराच्या दिवशी विमानाला उडायची परवानगी नव्हती. ती मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे कारखाना, एकर आणि कोटी हे सगळं दीड वर्षाहून अधिक काळ हवेत होतं, विमान तेवढं जमिनीवर. अखेर २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. कोटींचं लँडिंग कुठे झालं, ते पालघरच्या बाजूने जाणाऱ्यांनी बघून सांगावं.

तपासणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. घरी बांधलेलं विमान कुणाच्या तरी घरावरच पडू शकतं, तेव्हा विमान वाहतूक खात्याने प्रत्येक स्क्रू मोजावा. फक्त हा काटेकोरपणा सर्व विमानांना सारखा लावा. जानेवारी २०१५ मध्ये याच मुंबईत, विद्यापीठाच्या आवारात, भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. तिथे हजारो वर्षांपूर्वीची आपली विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात असत आणि उलटीही उडत, असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. त्यांना ना नोंदणी लागली, ना विमा, ना धुळे. यादवांच्या विमानात उलटं उडायची सोय नव्हती. बहुधा तिथेच फाईल अडली.