पेढ्याच्या रंगाचा प्लग

"आधी किक मारणं थांबव. गाडी आहे ती, उखळ नव्हे."

हे वाक्य वरच्या गॅलरीतून माझ्या डोक्यावर पडलं, तेव्हापासून मी अण्णांना ओळखतो. साताऱ्यात भाड्याने राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. डिसेंबरचा गारठा, माझी आरएक्स हंड्रेड अडून बसलेली आणि मी चोक ओढून विसाव्या की बाविसाव्या किकवर. अण्णा खाली आले ते बनियन, पायजमा आणि कानटोपी अशा थाटात. हातात प्लगपाना, त्याला अडकवायला पायजम्याचीच जुनी नाडी ओवलेली. माझं नाव, गाव, नोकरी, पगार, लग्न यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. नव्या भाडेकरूला इतकी सूट मिळत नसते.

"आधी प्लग काढू," एवढंच म्हणाले.

प्लग निघाला तो पेट्रोलने चिंब. अण्णांनी तो नाकाशी नेला आणि अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगला. "पोटभर पाजलंस की रे. आता ही कशाला उठतीय?" मग प्लग पुसला, कॅपमध्ये खोचला, भोकापासून लांब इंजिनाच्या पत्र्याला टेकवून धरला आणि मला किक मारायला लावली. टोकाशी पिवळट काहीतरी मिणमिणलं. "ही समई झाली. निळी पाहिजे. टक् आवाज करणारी." त्यांनी वायरीचं हिरवट पडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर छाटलं, कॅप पिळून पुन्हा बसवली, स्वतःच्या खिशातला प्लग घातला, चोक आत ढकलला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी पाकिटाकडे हात नेला, तर म्हणाले, "पैसे नकोत. तुझा जुना प्लग मला राहू दे."

अण्णा मेकॅनिक नाहीत. सगळी नोकरी कालवा निरीक्षक म्हणून गेली, त्यातली बरीचशी फलटणच्या बाजूला, नीरा उजव्या कालव्यावर. त्यामुळे त्यांचं वीजशास्त्रही पाटाच्या पाण्यावरूनच चालतं. प्लग काळा झाला की ठिणगी का पडत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं. एरवी अशा प्रश्नाला मिस्त्री लोक "कार्बन आलाय" म्हणून मोकळे होतात. अण्णांनी मला जिन्यावर बसवून घेतलं.

"हे बघ. कॉइलमधनं वीज निघाली, म्हणजे धरणातनं पाणी सोडलं. तिनं मधल्या दांडीच्या टोकापर्यंत यायचं आणि फटीवरनं उडी मारायची. फट किती? सहा-सात दशांश मिलिमीटर. पण उडी मारायला जोर लागतो. मधल्या त्या पांढऱ्या चिनीमातीवर काजळी धरली, की विजेला फुकटची वाट मिळाली. काजळीतनं वीज जाते. मग उडी कशाला मारंल? जाते कडेकडेनं बॉडीत. कालव्याला मधीच भगदाड पडलं, तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचंल का? तुझा प्लग टेलला आहे."

ती फट मोजायला अण्णांकडे करवतीच्या मोडक्या ब्लेडचा तुकडा असतो. हॅकसॉच्या ब्लेडची जाडी साधारण तेवढीच भरते, हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. फीलर गेज त्यांच्याकडे आहे, पण ते वापरणं त्यांना बहुधा गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर काढल्यासारखं वाटतं.

पण त्यांचं खरं वैभव म्हणजे कपाटातला पेढ्यांचा खोका. लग्नपत्रिकांच्या पट्ट्या उभ्या-आडव्या लावून त्यात खण पाडलेत आणि प्रत्येक खणात एक प्लग निजलेला, उशाशी चिठ्ठी. 'पोस्टमन, लुना, चोक विसरतो.' 'दूधवाला, राजदूत, तेलाचा हात सढळ.' 'गुरुजी, स्कूटर, फिल्टर आयुष्यात धुतला नाही.' लोक चेहऱ्यावरून माणूस ओळखतात. अण्णांना आमच्या पेठेतल्या निम्म्या लोकांचे चेहरे नीट आठवत नाहीत, पण प्लग आठवतात. कोणी नमस्कार केला की क्षणभर गोंधळतात आणि मग एकदम खुलतात: "अरे हां, कोरडा काळा!"

कोरडा काळा म्हणजे काजळीसारखा, बोटाला लागणारा. पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, कार्बोरेटरमधला फ्लोट पेट्रोल वर चढू देत असेल, नाहीतर चोक ओढलेलाच राहिला असेल. अण्णांच्या मते हा माणूस गॅस बंद केला का ते पोवई नाक्यावर पोचल्यावर आठवणारा. ओला, चकचकीत काळा म्हणजे तेल. फोर स्ट्रोकमध्ये असा निघाला तर रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हमधून तेल उतरतंय. बाहेरून रंगवलेली गाडी, आतून थकलेली. आणि खडूसारखा पांढरा? त्याचा अण्णांना मनापासून राग. "मायलेजसाठी मिश्चर पिळून पिळून हवा पाजणारा कंजूष. पाच रुपयांचं पेट्रोल वाचवंल आणि एक दिवस पिस्टनला भोक पाडून घेईल." ज्याच्याविषयी ते हे बोलत होते तो समोरच उभा होता. त्याने मान डोलावली. आजार बरोबर सांगणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

आणि चांगला प्लग? "कंदी पेढा," अण्णा म्हणतात. भाजून भाजून तपकिरी झालेला, कोरडा, चमक नसलेला. साताऱ्यात राहून दुसरा दाखला द्यायची गरजही नाही. खोक्याच्या मधोमध एक खण मात्र रिकामा होता. त्याची चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली: 'स्वतःची, येझदी.'

इथे गोष्ट जरा नाजूक होते.

अण्णांची येझदी १९८४ची. म्हैसूरचा तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. माझी आरएक्स हंड्रेडही त्याच साली बंद झाली, त्यामुळे ते वर्ष अण्णा सुतकाच्या आवाजात उच्चारतात. गिअरचाच दांडा उभा करून किक मारायची, दोन सायलेन्सर, टाकीत पेट्रोलबरोबर तेल ओतायचं. गाडी पुसून लख्ख. पण तिचा प्लग कायम काळा, आणि तोही ओला काळा. दर पंधरवड्याला अण्णा तो काढून पॉलिश पेपरने घासत बसायचे आणि नजर चुकवायचे.

कारण त्यांना ठाऊक होतं. गाडी रोज सकाळी डेअरीपर्यंत जायची, जाऊन-येऊन दीड किलोमीटर. प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं तरच त्याच्यावरचा कार्बन आपोआप जळतो. दूध आणण्यात ते कुठून तापणार? "हिला घाट दाखवला पाहिजे," अण्णा दर वर्षी म्हणायचे. दुसरं कारण ते कबूल करत नसत. पंचविसाला एक, म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर तेल, हे गणित सगळ्या गल्लीला त्यांनीच शिकवलेलं. स्वतःच्या टाकीत मात्र वरून एक धार जास्त पडायची. घरच्या लेकराच्या भातावर तूप मोजून वाढत नाहीत, तसं.

शेवटी काकूंनीच मनावर घेतलं. "घेऊन जा रे यांना एकदा. प्लग घासून घासून बोटं काळी, आणि तीच बोटं पोह्यांना." जानेवारीतला रविवार ठरला. टाकी कोरडी होती. अण्णा अंघोळीला गेले तेवढ्यात तेल मी ओतलं, कफ सिरपच्या टोपीने मोजून. हे त्यांना अजून माहीत नाही.

समर्थ मंदिरावरून वर वळलो तेव्हा मागे असा धूर, की शेजाऱ्यांना डासांची फवारणी वाटावी. यवतेश्वरच्या घाटात दोन वळणं झाली, सायलेन्सरने दोन-चार ढेकरा दिल्या, आणि धूर विरळ होत गेला. आवाज मोकळा झाला. अण्णांची पाठ ताठ झाली, हे मला मागून दिसत होतं. कासच्या अलीकडे एका चढावर त्यांनी रेस पूर्ण पिळली आणि मला काही कळायच्या आत क्लच दाबून चावी बंद केली. गाडी तशीच घरंगळत कडेला. मागच्या जीपवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अण्णांना तो ऐकूच आला नाही. गाडी भरात असताना बंद केली तरच प्लग खरं बोलतो. मंद चालवत थांबलं, तर वरून पुन्हा काळा थर बसतो.

रुमालात धरून त्यांनी गरम प्लग काढला. उन्हात वळवून बघितला, चष्मा काढून बघितला, पुन्हा लावून बघितला. माझ्यासमोर धरला. पेढा.

"टेलला पाणी पोचलं," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ दरीकडे तोंड करून उभे राहिले.

परत येताना त्यांनी गाडीत नवा प्लग घातला. जुना रुमालात बांधून खिशात. संध्याकाळी तो खोक्याच्या मधल्या खणात गेला, आणि गल्लीत पेढे वाटले गेले, खाण्याचे.

नवा प्लगही अजून पेढ्याच्याच रंगाचा आहे. दूध आणायला अण्णा आता चालत जातात.