राखीव चार मिनिटे

प्रवासाला निघण्यापूर्वीच जो इतरांना थकवून सोडतो, असा एक तरी गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतोच; आमच्या वाट्याला भाऊसाहेब आले आहेत. कोषागारातून सेवानिवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, ते सपत्नीक टोकियोला निघाले आहेत आणि अद्याप डोंबिवलीतच मुक्कामाला आहेत.

त्यांचे टोकियोचे दप्तर म्हणजे तांबड्या फडक्यात बांधलेले एक बाड आहे. त्यात यामानोते या ३४.५ किलोमीटरांच्या वर्तुळाकार लोहमार्गावरची तीसही स्थानके अनुक्रमाने नोंदलेली असून, प्रत्येकापुढे उतरण्याची वेळ, पुन्हा चढण्याची वेळ आणि त्याखाली ‘राखीव मिनिटे ४’ अशी तरतूद आहे. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात दर्शनाला पंचवीस मिनिटे, राखीव चार. उएनोच्या उद्यानात मार्चअखेरीचा चेरीचा बहर पाहायला पन्नास, राखीव चार. १९२५ साली वारलेल्या धन्याची १९३५ साली स्वतः मरेपर्यंत शिबुया स्थानकावर वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याला सहा. आणि दहा वर्षे ज्याने घड्याळ पाहिले नाही, त्या इमानी जनावरालाही राखीव चारच!

मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी गेलो, तेव्हा ती आवक टपालासारखी बाजूला सारून त्यांनी मला विचारले, “शिंजुकू स्थानकाला २०० हून अधिक दारे आहेत. आपले कोणते?” “जे समोर येईल ते,” असे मी म्हणालो, आणि तेव्हापासून अफरातफरीचा वहीम असलेल्या कारकुनाकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहू लागले. लग्नाला मात्र आले. मुहूर्ताच्या चार मिनिटे आधी.

“अहो, तिथे दर तीन-चार मिनिटांनी गाडी येते,” मी एकदा वैतागून म्हणालो. “एक चुकली तर दुसरी! ही मिनिटे कशाला साठवता?”

“ती गाडीसाठी नाहीत,” एवढेच बोलून त्यांनी बाडाची गाठ आवळली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तो भाऊसाहेब जिन्याच्या तळाशी हातात घड्याळ धरून उभे. वरून वहिनी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवीत उतरत होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हाताने मला गप्प केले. वहिनी शेवटच्या पायरीवर दम खात टेकल्या, आणि आजवर कुणाच्या हाती न दिलेले ते बाड भाऊसाहेबांनी पेन काढण्यासाठी क्षणभर माझ्याकडे दिले. शिंजुकूच्या पानावरची बहुतेक दारे खोडलेली होती. उरलेल्या मोजक्यांपुढे बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘लिफ्ट आहे.’

त्यांनी बाड परत घेतले आणि तांबड्या शाईने, पहिल्या स्थानकापासून, चाराचे पाच करायला सुरुवात केली.

“यंदा जायचं ना हो?” वहिनींनी विचारले.

“जायचं तर! एवढी दुरुस्ती होऊ दे.”