एसडीबीचा उतारा

(पात्रं दोन. मामा : महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, पेन अजून खिशाला. भाचा : प्रोग्रामर. मामांच्या मशीनवर लिनक्स त्यानेच बसवलं, त्यामुळे तक्रार घेऊन मामांना लांब जावं लागत नाही. मामी देवळात गेली आहे. टेबलावर यूएसबीच्या डबीतली नवी एसएसडी आणि शेजारी एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हकडे बघायचं दोघंही टाळत आहेत.)

मामा : आधी चोरीचं बोलू. खोक्यावर ५०० जीबी छापलंय. तुझं मशीन ४६५.८ म्हणतं. चौतीस जीबी खाल्ले कुणी?

भाचा : कुणीच नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, हा प्रोग्राम १०२४ च्या.

मामा : म्हणजे विकणारा एकरात बोलतो आणि उतारा हेक्टरात निघतो. जमीन तेवढीच?

भाचा : तेवढीच. खरा आकडा हवा तर कर्नेलला विचारू. सैन्यातला कर्नल नव्हे, आधीच सांगतो.

मामा : मी विचारलंच नव्हतं.

भाचा : सगळे विचारतात. यंत्राचा ताबा ज्याच्याकडे असतो तो मुख्य प्रोग्राम म्हणजे कर्नेल. डिस्कशी बोलायचं ते त्याने. ब्राउझर, फोटो, गाणी वगैरे बाकीचे प्रोग्राम बाहेरच्या आवारात. त्या आवाराला यूजर स्पेस म्हणतात.

मामा : खिडकीच्या अलीकडची जनता. कळलं. खिडकी दाखव.

भाचा : ही सिस नावाची डिरेक्टरी. तिच्यात ब्लॉक, तिच्यात एसडीसी म्हणजे तुमची डबी, आणि हा साइझचा कागद.

मामा : (चष्मा सरसावून) सत्त्याण्णव कोटी सदुसष्ट लाख त्र्याहत्तर हजार एकशे अडुसष्ट. काय, रुपये?

भाचा : सेक्टर. एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणा.

मामा : (लाइट बिलाच्या पाठीमागे गुणाकार. बराच वेळ.) ५०० अब्ज, वर १० कोटी ७८ लाख ६२ हजार १६. अरे, कंपनीने जास्तच दिलंय की! तक्रार मागे.

भाचा : गंमत पुढे आहे. हल्लीच्या पुष्कळ डिस्कचा आतला सेक्टर ४०९६ बाइटचा असतो. तरी या कागदावर मोजणी ५१२ च्याच मापाने होते.

मामा : का?

भाचा : पूर्वीपासून तशी आहे म्हणून. असंख्य प्रोग्राम हा आकडा उचलतात आणि डोळे मिटून ५१२ ने गुणतात. माप बदललं तर रातोरात त्यांना डिस्क आठपट लहान दिसेल.

मामा : आणेवारी! १९५७ साली नवे पैसे आले, कागदावर पैसेवारी झाली, पण गावात अजून आणेवारीच लागते. तुमचा कर्नेल आमच्याच खात्यातला दिसतो. पण हे बघ, प्रत्येक कागदापुढे ४०९६ बाइट लिहिलंय आणि आत आकडा एकच. एवढा कागद वाया?

भाचा : कागद नाहीच आहे तिथे. तुम्ही उघडलात की कर्नेल त्या क्षणी मजकूर तयार करून हातात देतं. कुठे साठवलेलं काही नाही.

मामा : मागेल त्याला जागेवर उतारा. फी?

भाचा : नाही.

मामा : (हळहळून) नाही.

भाचा : आधी प्रोक नावाच्या डिरेक्टरीत ज्याला जे सुचेल ते तो टाकायचा. एकाच कागदावर आकडे, शब्द, तक्ते. वाचणारा प्रोग्राम रडकुंडीला. मग पॅट्रिक मोशेल याने सिसचा घाट घातला. २००३ च्या डिसेंबरात २.६ हे कर्नेल आलं, त्यात ती सगळ्यांना मिळाली. नियम एकच : एका फाइलीत एक गोष्ट.

मामा : नियम म्हटला की अपवाद काढ.

भाचा : आहे ना. स्टॅट. तिच्यात किती वेळा वाचलं, किती सेक्टर लिहिले असे सतरा आकडे एका ओळीत. वेगवेगळ्या फाइलींत ठेवले तर एक वाचेपर्यंत दुसरा बदलेल, म्हणून एकत्र.

मामा : सतराच का?

भाचा : आधी अकरा होते. २०१८ मध्ये चार वाढले, २०२० मध्ये दोन. सगळे शेवटी जोडले. मधे घुसवले असते तर सातवा आकडा वाचणाऱ्याला भलतंच वाचायला मिळालं असतं.

मामा : (खुर्ची पुढे ओढून) ऐक. नोकरीत असताना मी एका अर्जात ‘शेरा’ नावाचा रकाना वाढवला. सहज, जागा होती म्हणून. तीन साहेब बदलले, मी निवृत्त झालो, रकाना तसाच. त्यात काय लिहायचं ते एकालाही ठाऊक नाही, पण कोरा सोडला की अर्ज परत येतो.

भाचा : लिनक्सचा कर्ता लिनस टॉर्वाल्ड्स याच गोष्टीवरून भडकतो. बाहेरचा एखादा प्रोग्राम ज्यावर विसंबून आहे ते कर्नेलने मोडायचं नाही. म्हणून नवा रकाना उघडताना आधी वादावादी होते. आत काय हवं ते उलटंपालटं करा, खिडकीत एकदा दाखवलं की अडकलात.

मामा : मग मशीनमधल्या या डिस्कच्या, एसडीएच्या, कागदावर हा घोळ कसा राहिला? व्हेंडर, एटीए. एटीए नावाची कंपनी मी ऐकलेली नाही.

भाचा : कंपनी नाही ती. डिस्क आहे साटा जातीची, पण कर्नेल तिला स्कझीच्या नमुन्यात बसवतं. त्या नमुन्यात कंपनीला आठ अक्षरं, मॉडेलला सोळा. साटा डिस्क स्वतःचं मॉडेल चाळीस अक्षरांत सांगते, कंपनीचं वेगळं नाव सांगतच नाही. म्हणून कंपनीच्या जागी एटीए, आणि मॉडेल सोळाव्या अक्षराला तोडलेलं.

मामा : आमच्याकडे आडनाव चौकटीबाहेर गेलं की असंच व्हायचं. माणूस आयुष्यभर अर्ध्या आडनावाने कर्ज फेडायचा. आणि डबीच्या कागदावर हे रोटेशनल, एक? म्हणजे फिरते? एसएसडी फिरते?

भाचा : नाही फिरत. पण डिस्कने ‘मी फिरत नाही’ असं सांगावं लागतं. मधली यूएसबीची डबी तो निरोप पोचवत नाही. निरोप नाही, म्हणजे फिरते असं धरायचं.

मामा : स्वयंघोषणापत्र! जोडलं नाही तर उत्पन्न जास्त धरतात, तसं.

भाचा : रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकारात शून्य लिहून दुरुस्त करता येतं. मशीन बंद करून चालू केलं की परत एक.

मामा : तोंडी आदेश. बरं. (खाकरून) आता त्या विषयाकडे ये. काल रात्री बॅकअपसाठी तू जी स्क्रिप्ट लावून गेलास, तिच्यात डबीचं नाव काय लिहिलं होतंस?

भाचा : एसडीबी. तेव्हा डबी एसडीबीच होती, मामा! नंतर तुम्ही पेनड्राइव्ह लावून मशीन पुन्हा चालू केलं. जो आधी ओळखला गेला त्याला आधीचं अक्षर. पेनड्राइव्ह एसडीबी झाला, डबी एसडीसी.

मामा : अरे, रांगेतला नंबर हा काय गट नंबर असतो? कायमचं नाव नसतं का यांना?

भाचा : असतं. डिस्क लागली की कर्नेल दवंडी देतं. यूडेव्ह नावाचा प्रोग्राम ती ऐकून डिस्कची चौकशी करतो आणि कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक जोडून बाय-आयडी डिरेक्टरीत पक्की पाटी लावतो. ती लिहायला हवी होती.

मामा : कोतवाल दवंडी देत होता आणि तू कानात बोळे घालून होतास. कबूल?

भाचा : कबूल.

मामा : त्या पेनड्राइव्हवर मामीची भजनं होती. आणि तिच्या आईच्या आवाजातल्या ओव्या.

भाचा : (बारीक आवाजात) दुसरी प्रत...?

मामा : तीच प्रत. बॅकअप म्हणून ठेवलेली. मूळ मोबाइल गेला दिवाळीत. आता तुझ्या कर्नेलला विचार, तिथे काय होतं.

भाचा : ते कर्नेल सांगत नाही. स्टॅटमधला सातवा आकडा बघा, तीन कोटींच्या वर सेक्टर लिहिले. सोळा जीबी भरले, जागा संपली, तेव्हा कुठे स्क्रिप्ट थांबली. खाली काय होतं याचा रकाना नाही.

मामा : म्हणजे हा सातवा आकडा बघितला की कुणालाही कळेल, काल रात्री या मशीनने पेनड्राइव्हवर काय उद्योग केले?

भाचा : हो. पण हे आकडे मशीन चालू झाल्यापासूनचे असतात. बंद करून चालू केलं की मोजणी शून्यापासून.

(फाटकाची कडी वाजते.)

मामा : मग बघत काय बसलास? बंद कर!