काला अंबचा फेस

काला अंब म्हटलं की मराठी माणसाला पानिपत आठवतं आणि 1761च्या नावाने घसा दाटून येतो. साबणाच्या वेष्टनामागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं काला अंब मात्र वेगळं. ते हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात, हरियाणाच्या सीमेला खेटून आहे. 2003मध्ये करसवलत जाहीर झाली आणि तिथे औषधांचे नि प्रसाधनांचे कारखाने उगवले.

वेष्टनाच्या दर्शनी बाजूला चंदन, हळद, केशर. मागे भिंग लावून वाचा: सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट. म्हणजे पामच्या फळाच्या गराचं आणि बीचं तेल, कॉस्टिक सोड्याने साबण झालेलं. बीच्या तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, म्हणून तो भरघोस फेस. खोबरेलानेही तोच येतो, पण ते दरात बसत नाही. केशर असलंच तर यादीच्या शेपटाला, रंगाच्या शेजारी लाजत उभं.

घाबरू नका, हे तेल अंगाला लावलं म्हणून काही होत नाही. 'पाम म्हणजे केमिकल!' असं बजावणाऱ्या काकू पामतेलात तळलेला फरसाण बशी भरभरून वाढतातच की. झोंबतं ते शांपूतलं सोडियम लॉरिल सल्फेट. तेही बहुधा याच बीच्या पोटचं. त्वचेवर मुद्दाम जळजळ उठवून पाहायची असली की संशोधक तेच वापरतात. अर्थात, त्या बाटलीवर कोरफडीचं चित्र असतं.

पामसाठी तोडलेल्या बोर्नियोच्या जंगलाचं चित्र अजून तरी कुठल्या वेष्टनावर पाहिलेलं नाही.